इंदूनं राखून ठेवलेलं बारसं

हा माइक जरा खाली करा रं. माझी उंची तेवढी न्हाई. आणि आज मान वर करून बोलायची माझी लायकी बी न्हाई.

सरपंच, गुरुजी, कोरेगावास्नं आलेली इंदूची माहेरची माणसं, आमची भावकी, आणि खाली पोरंबाळं मांडीवर घिऊन बसलेल्या माझ्या बायांनो. मी हौसाबाई. सर्जेरावची थोरली बहीण, इंदूची नणंद. मला दिलीय तिकडं जतला, पर जलम ह्याच गावातला. ह्या शाळेच्या पटांगणात मी लंगडी खेळलीय. हितं बोलायला मला भ्या वाटायला नको. पर वाटतंय.

इंदूला जाऊन आज पंधरा दिस झालं. तिच्यासंगट काम करणाऱ्या अंगणवाडीच्या बायांनी ही सभा ठेवली. मला म्हणल्या, आक्का, घरातलं म्हणून तुमी दोन शब्द बोला. मी म्हणलं, नको बाई. काल दुपारपतुर मी नकोच म्हणत व्हती. नणंदेनं भावजयीबद्दल काय बोलायचं, आणि मी तर काय तोंडानं बोलायचं.

माझ्या आधी पाच जणं बोलली. सगळी चांगलं बोलली. सरपंच म्हणलं, इंदूबाईनं गावातलं एक लेकरू डोस दिल्याबिगर सोडलं न्हाई. खरं हाय. पोलिओच्या डोसाला ती पोरांना उसाच्या फडातनं शोधून आणायची. गुरुजी म्हणलं, पयलीला येणारं पोर इंदूबाईच्या हाताखालनं आलं असलं की लगेच कळायचं, नाक पुसलेलं असायचं आणि पाढं तोंडपाठ. खरं हाय. कुणीतरी म्हणलं, ती समद्या गावच्या पोरांची आई व्हती.

पर तुमच्या एक ध्यानात आलं का? पाच जणं बोलली, आणि पाचांतल्या एकानं बी तिच्या सवताच्या लेकराचं नाव घेतलं न्हाई. समद्या गावच्या पोरांची आई म्हणलं. मग तिचं पोर? ते काय लांब न्हाई. हितं पयल्या रांगंत बसलंय, बापाच्या शेजारी. सतरा वर्साचं हाय, बारावीला हाय. त्याची आई गेलीय. आणि त्याचं नाव कुणाच्या तोंडात येत न्हाई.

मी तुमाला दोष देत न्हाई. बाबांनो, तुमी ते नाव टाळायला शिकलासा ते माझ्यापास्नं. मी बी अजून घेतलेलं न्हाई. आज घेणार हाय. शेवटी घेणार हाय. आधी मी सतरा वर्सं काय केलं ते सांगू द्या. न्हाईतर ते नाव माझ्या तोंडात शोभायचं न्हाई.

इंदू बाळंतीण झाली घरातच. पयलटकरीण. मी जतास्नं मुद्दाम आलेली. सुईण लेकराला परत परत उलटून बघत बसली. लेकरू तर रडत व्हतं, चावडीपतुर ऐकू जावं असं. मी म्हणलं, अगं काय झालं ते सांग की. तर म्हणली, हौसाक्का, तुमीच बघा. मी बघितलं. काय सांगू तुमाला. पोरगी म्हणावं तर तसं न्हवतं, पोरगा म्हणावं तर तसं बी न्हवतं. दोन्हीच्या मधलं कायतरी. बाकी लेकरू गुटगुटीत, काळंभोर जावळ. इंदूनं विचारलं, वन्सं, काय हाय? मी म्हणलं, देवाला ठावं. ती म्हणली, जित्तं हाय न्हवं? द्या हिकडं. आणि पदराखाली घेतलं.

सर्जा तवा पलटणीत. तार केली, रजा मिळाली, नवव्या दिशी आला. वेशीतच लोकांनी गाठला. सर्जेराव, पेढं का जिलेबी? आपल्याकडं पोरगा झाला की पेढं, पोरगी झाली की जिलेबी, हे काय मी सांगायला पायजे का. सर्जा सरळ पुढं चालत ऱ्हायला. घरात आला, लेकराला बघितलं, इंदूला बघितलं, आणि तसाच उठून चुलत्याच्या गुऱ्हाळावर गेला. गुळाची ढेप खांद्यावर घिऊन आला. घरोघर एकेक खडा वाटला. म्हणला, लेकरू झालंय, तोंड गोड करा. हितं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी तो गूळ खाल्लाय. आठवत असंल तुमाला.

मग बाराव्या दिशी बारसं. आता बारशात नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा. आईचा न्हाई, आजीचा न्हाई. पाळण्यापाशी वाकायचं आणि नाव लेकराच्या कानात सांगायचं ते आत्यानं. मी जतास्नं येतानाच कुंची शिवून आणलेली. तांबड्या खणाची, हिरवी किनार लावलेली. दोन नावं बी काढलेली, एक पोराचं, एक पोरीचं. कुणाला सांगितली न्हवती. पाळण्याला फुलं बांधलेली, घुगऱ्या शिजलेल्या, ओसरी बायांनी भरलेली. आणि ह्या हौसाबाईनं काय केलं? पाळण्यापाशी गेली, आणि भरल्या घरात, समद्या बायांच्या देखत म्हणली, ह्याच्या कानात मी काय सांगू? पोराचं नाव सांगू का पोरीचं? आधी तुमी ठरवा काय ते, मग मला बोलवा.

कुंची पिशवीत घातली आणि दुपारच्या एसटीनं जत गाठलं.

त्या दिसापतुर घरातली गोष्ट घरात व्हती. सुईण बोलली न्हवती. सर्जानं तर गूळ वाटून समद्यांची तोंडं बंद केली व्हती. मग गावात कुणी नेली? मी नेली. सख्ख्या आत्यानं नेली. त्या लेकरामागं गल्लीत जे जे शबूद लागलं, पाणवठ्यावर जी कुजबुज झाली, ती त्या एका वाक्यापास्नं. मागनं मला बायांनी सांगिटलं, मी गेल्यावर इंदूनं कुणालाच नाव ठिवू दिलं न्हाई. म्हणली, वन्संचा मान हाय तो. वन्सं येतील तवा ठेवतील. तवर बाळ म्हणा. लेकराची मामी पुढं झाली तर तिला बी म्हणली, नको, राहू दे.

ते ऐकून मला तिचा लय राग आला. मला वाटलं, ही मला टोमणा मारती. न्हाई हो. ती खरंच वाट बघत व्हती.

लेकरू दोन महिन्याचं झाल्यावर दोघांनी मिरजेला न्हेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सर्जानं मला ते कितीदा सांगिटलं. बाई म्हणल्या, अशी लेकरं जलमाला येत्यात, तुमचंच पयलं न्हाई. तब्येतीनं बरं हाय. आत्ता घाईनं कापाकापी नको. मोठं झालं की त्याला काय वाटतंय ते तेच सांगंल. तवर तुमी एवढंच करा, त्याला लाजवू नका.

लाजवू नका. एवढंच करायचं व्हतं. आमाला तेवढं बी जमलं न्हाई.

त्याला झबली-फ्रॉक घातली. शाळंत घालताना पटावर शोभा लिव्हलं, कायतरी लिव्हायला लागतंय म्हणून. आठ-नऊ वर्साचं असताना मी परत आली ती काय घिऊन आली? आमच्या जतकडं यल्लम्मा देवीचं लय. माझी सासू म्हणली, असली लेकरं देवीची असत्यात, सोडा देवीला. मी जोगतिणीला विचारून मण्यांची माळ घिऊन आली. इंदूच्या पुढ्यात ठेवली. म्हणलं, ह्याच्या गळ्यात घाल, पुढचं आमी बघतो.

जोगत्यांना मी नावं ठेवत न्हाई. त्यांच्यात बी कुणाकुणाची टाकलेली लेकरं असत्यात. माझी लाज येगळी हाय. मी देवीसाठी आलीच न्हवती. माझ्या पोरीचं लगीन जुळत व्हतं, आणि सोयऱ्यांनी विचारलेलं, तुमच्या भावाचं ते पोर कसलं हो? ते देवीच्या पदरात गेलं की आमच्या नावाला चिकटायचं न्हाई, असा माझा डाव. देवीला मधी घातली मी. माझी पोरगी उजळ माथ्यानं नांदावी म्हणून तिच्या मामेभणीला म्हणा, मामेभावाला म्हणा, घरातनं काढायला निघाली व्हती मी.

इंदू जोंधळं पाखडत व्हती. सूप खाली ठेवलं न्हाई. म्हणली, वन्सं, देवीच्या पदरात आख्खं जग हाय. माझ्या पदरात हे एकच हाय. बास. भांडली न्हाई. चहा केला. निघताना माळ माझ्या पिशवीत परत घातली, वर शेंगांचं गाठोडं ठेवलं. म्हणली, रिकाम्या हातानं सासरी जाऊ नका.

तेवढ्यात लेकरू बाहेरनं आलं, गुडघं फुटलेलं, धुळीनं माखलेलं. मला बघितलं आणि पळत आलं. म्हणलं, आत्या, माझी कुंची आणलीस का?

आवं, इंदूनं त्याला सांगून ठेवलं व्हतं, तुझ्या आत्यानं तुझ्यासाठी खणाची कुंची शिवलीय, ती घिऊन येणार हाय. मी काय केलं ते सांगिटलंच न्हवतं. नऊ वर्सं माझी लाज तिनं झाकली. आणि मी माळ घिऊन आली व्हती. मी म्हणलं, इसरली रं. आणि चालायला लागली.

किल्लारीला भूकंप झाला त्या साली ते तेरा वर्साचं. आवाज बदलाय लागला, मिसरूड दिसाय लागलं. एक दिस शाळंतनं आलं, दप्तर टाकलं आणि आईला म्हणलं, आई, मी पोरींच्या रांगंत बसणार न्हाई. मी पोरगा हाय. मला लय दिसापास्नं ठावं हाय. इंदू काय म्हणली म्हणता? म्हणली, बरं. चहा पी, मग गुरुजींकडं जाऊ.

एवढंच. मी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

केस तिनंच कापलं, अंगणवाडीत रंगीत कागद कापायच्या कात्रीनं. वाकडंतिकडं कापलं. दोघं आरशात बघून हसली म्हणं. गुरुजी, तुमी म्हणला, डॉक्टरांचा कागद आणा, मी पट बदलतो. तिनं आणला. तुमी बदलला. तुमचं उपकार हायत. पर त्या कागदासाठी किती खेपा झाल्या मिरजेच्या. आज ह्या तपासणीला, उद्या त्या सहीला. आपल्या गावची मुक्कामी एसटी सकाळी सुटायची. गाडीत बसलं की बाया सरकून बसायच्या, बापे टक लावून बघायचं. आणि ड्रायव्हर मामा त्याला म्हणायचं, ये गड्या, हितं पुढं बस. इंजनाच्या बाजूला बसवायचं, गियर कसा टाकायचा ते दाखवायचं. मिरजेला कशाला जाताय, काय आजार हाय, पोर हाय का पोरगी, कवाच विचारलं न्हाई. ते मामा आज मागं खांबापाशी उभं हायती, खाकी कपड्यातच. ड्यूटीवरनं आलेत.

नवं नाव काय घ्यायचं म्हणल्यावर लेकरानं त्या मामांचं नाव घेतलं. आत्याचा मान ड्रायव्हरला गेला. बरोबर गेला. पुढच्या पंधरा दिसांत सर्जाचं पत्र आलं पलटणीतनं. वर लिव्हलेलं, चिरंजीव, आणि पुढं ते नवं नाव. सर्जानं पत्रानं नाव घेतलं, इंदूनं हाकेनं घेतलं. आणि मी? मी गावात आली की मुद्दाम गल्लीच्या तोंडाशीच हाक मारायची, शोभे, अगं शोभे. समद्यांनी ऐकावं म्हणून. ते वळायचं. म्हणायचं, आत्या, पाणी देऊ का? एकदा उलटं बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. बोललं न्हाई.

मला पाणी द्या जरा.

इंदूची कावीळ वाढली तवा सांगलीला दवाखान्यात ठेवलेली. मी गेली भेटायला. पिवळी पडलेली, हात नुसता काटकुळा. मला जवळ बोलावलं. म्हणली, वन्सं, मी तुमचा मान अजून तसाच ठेवलाय. त्याच्या कानात अजून कुणी नाव घातलेलं न्हाई. कागदावर झालं, बारसं न्हाई झालं. एकदा घाला. त्यानं जे घेतलंय तेच घाला.

लेकरू उशापाशीच उभं व्हतं, हातात चमचा घिऊन, आईला ताक पाजत व्हतं. आणि दारात माझ्या सासरची दोन माणसं उभी. मी त्यांच्याकडं बघितलं. आणि म्हणलं, तू बरी हो, मग बघू.

तांब्या घेतला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. तांब्यात पाणी आधीच भरलेलं व्हतं. तिसऱ्या दिशी इंदू गेली.

मग बघू म्हणलं व्हतं मी तिला. कवा बघणार व्हती मी? सांगा मला कुणीतरी.

तिला न्ह्यायच्या येळी दारात भावकीनं विचारलं, विस्तवाच्या मडक्याचं शिकाळं कोण धरणार? अग्नी कोण देणार? समद्यांनी माझ्याकडं बघितलं. घरातली मोठी मी. लेक हाय की तिचा, एवढं म्हणायचं व्हतं. मी जमिनीकडं बघत बसली. सर्जानं कुणाला विचारलं न्हाई. शिकाळं उचललं आणि लेकराच्या हातात दिलं.

मग आज का बोलती? तेच सांगती. परवा भावकी बसली. सर्जाची रजा रविवारी संपती, पेन्शनीला अजून दोन वर्सं हायत. आई न्हाई, बाप लांब, ह्या पोराला ठेवायचं कुठं? कुणी म्हणलं लांब कुठंतरी धाडा. आणि एकजण, नाव घेत न्हाई, हितंच बसलाय, माझ्याकडं बघून म्हणला, आक्का, तुमच्या जतकडं देवीचं बघा की कायतरी, तुमीच म्हणत व्हता.

तुमीच म्हणत व्हता. व्हय. मीच म्हणत व्हती. आणि ते लेकरू उंबऱ्याच्या आत बसून ऐकत व्हतं. मान खाली घातली न्हाई त्यानं. माझ्याकडं बघितलं. आता आई न्हाई, आत्या काय म्हणती ते बघत व्हतं. परवा बी मी गप्पच बसली, तुमच्या देखत. दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई. म्हणून आज उभी हाय.

जतला माझ्या पोरांना मी सांगून आलीय. सुना घर सांभाळत्यात, माझं तिथं आडत न्हाई. त्याची बारावी होईस्तवर मी हितं ऱ्हाणार हाय, इंदूच्या घरात. पर ते घर माझं न्हाई. ज्याचं हाय त्याला इचारायला पायजे. मी त्याच्या लहानपणी त्याला घरातनं काढायला निघालेली बाई, त्यानं मला घरात का घ्यावं?

म्हणून समद्यांच्या देखत इचारती. ज्या तोंडानं समद्यांच्या देखत बोलली त्याच तोंडानं. मला तुझ्या घरात ऱ्हाऊ देशील का रं? भाकरी करीन, धुणं धुईन. कुणी दारात येऊन वाकडं बोललं तर ते मी ऐकून घेईन, तुला उठायला लागायचं न्हाई. आत्ता उत्तर देऊ नको. घरी जाऊन इचार कर. न्हाई म्हणलास तरी मी रुसणार न्हाई. तेवढा हक्क तुझा हाय.

आणि हे बघ. ही पिशवीत आणलीय. सतरा वर्सं ट्रंकेत व्हती. हिरवी किनार जरा इटलीय. आता तुझ्या डोक्याला यायची न्हाई. तुझ्या आईच्या फोटोपाशी ठेवती.

मी काढलेली ती दोन नावं मी कुणाला सांगणार न्हाई. ती माझ्यासंगट जातील. त्याला नाव हाय. त्यानं चांगल्या माणसाचं नाव घेतलंय.

बारशात नाव कानात सांगायचं असतं, हळूच. मी हळू सांगणार न्हाई. सतरा वर्सं समद्यांनी हळूच कुजबुज केली. मी ह्या माइकवर सांगती.

उत्तम.

सर्जेराव आणि इंदूचा लेक, उत्तम.

बस, बाळा, बस. रडू नको. मी बी रडत न्हाई बघ.

आता समद्यांनी उठा. ह्या गावातल्या अर्ध्या माणसांना इंदूनं अंगणवाडीत बसवलंय. ती काय म्हणायची? हाताची घडी, तोंडावर बोट. तिच्यासाठी शेवटचं एकदा तसं उभं ऱ्हावा. लहानथोर समद्यांनी. दोन मिन्टं.

आणि मग बोट काढा. जाताना त्याच्याजवळ जावा आणि त्याला नावानं हाक मारा. एवढंच मागती मी. मला क्षमा नको, तेवढं करा.

इंदू, मी वयानं मोठी, नात्यानं मोठी. तूच माझ्या पाया पडायचीस, मी कवा वाकली न्हाई. पाळण्यापाशी बी वाकली न्हाई. आज वाकती, गं बाई.